चीनशी मुक्त व्यापार? आमच्याकडं तो मागच्या दारानं सुरू झालाय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालचा अग्रलेख वाचला. चीनशी आता भांडण पुरे, खुला व्यापार करा, दोन्हीकडचं मिळून पावणेतीनशे कोटींच्या वर गिऱ्हाईक आहे वगैरे. लिहिलाय झकास, यात शंका नाही. फक्त ज्यांनी लिहिलाय त्यांनी एकदा तासगावच्या बेदाणा सौद्याला यावं, चहा माझ्याकडून.

आम्ही चार किलो द्राक्षं वाळवतो तेव्हा किलोभर बेदाणा हाताला लागतो. त्यात वाळवायच्या आधी द्राक्षं बुडवायला डिपिंग ऑइल, पोटॅशियम कार्बोनेट, शेडचं भाडं, रॅकवर माल टाकणाऱ्या बायकांची मजुरी, आणि वाळत असताना अवकाळी आला की माल काळा पडतो तो वेगळाच. एवढं करून माल कोल्ड स्टोरेजला ठेवायचा आणि दर येईल म्हणून वाट बघत बसायचं. २०२५ ला माल कमी होता, दर चांगला लागला होता, दिवाळीपर्यंत अजून वर जाईल म्हणून मी थांबलो. आणि नेमका मधेच चिनी बेदाणा आल्याची बोंब उठली. मला वाटलं व्यापाऱ्यांची दर पाडायची नेहमीची ट्रिक असेल. पण माझा माल बघायला एका कोल्ड स्टोरेजला गेलो तर कोपऱ्यात बॉक्स फोडून दुसऱ्या बॉक्समधे भरायचं काम चाललेलं, आतली प्लास्टिकची पिशवी बघितली तर त्यावर सगळी चिनी अक्षरं, आणि वरचा बॉक्स मात्र आपल्याकडचा, द्राक्षाच्या घडाचं चित्र वगैरे. हातात घेऊन बघितला, एकसारखा हिरवागार दाणा, चवीला पाणचट. हमालाला विचारलं हा कुठला रे माल, तर म्हणतो, “काका, तुम्ही तुमचं बघा की.” पुढच्या सौद्याला माझा माल किलोला पन्नासनं खाली मागितला. अडत्या म्हणाला, “देऊन टाका, अजून उतरणार.” दिला.

आता सांगा, बाहेरच्या बेदाण्यावर एवढी जबर आयात ड्युटी असताना हा माल आला कुठनं? व्यापारी उघड सांगतात की अफगाणिस्तानचे कागद लावायचे, तो सार्क ह्या दक्षिण आशियाई देशांच्या गटातला, त्यांच्या मालाला ड्युटीत सवलत आहे, नाहीतर मग नेपाळवरनं गाडी आणायची. शिनजियांगच्या तुर्फानमधला बेदाणा आणि कागद काबूलचा! सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकन, म्हणजे हा माल ह्याच भागातला असा सरकारी शिक्का, मिळालं तेव्हा सगळ्यांनी फोटो काढून घेतले होते, आता त्याच सांगलीच्या नावाच्या बॉक्समधे काय भरतात ते बघायला कोण येत नाही. तुम्ही म्हणता मुक्त व्यापार करू या का, अहो तो चालूच आहे, फक्त सरकारला ड्युटी मिळत नाही एवढंच.

बरं, हा झाला नको तो माल. जो पाहिजे तो बघा. ड्रिपमधनं सोडायची पाण्यात विरघळणारी खतं, झिरो बावन्न चौतीस, बारा एकसष्ठ, ही बहुतेक चीनमधनंच येतात. त्याच २०२५ ला चीननं भारतात येणाऱ्या मालाची तपासणीच करायची थांबवली. बंदी म्हणून कुठं जाहीर केलं नाही, नुसतं तपासायला माणूस पाठवायचा नाही, मग माल कारखान्यातनं हलतच नाही. इकडं फळछाटणी झालेली, बाग कुणासाठी थांबत नाही. दुकानदाराकडं गेलो तर २५ किलोची बॅग आहे पण दर भलताच, आणि वर त्याच्यासोबत कसलंतरी टॉनिक घ्यायचं, लिंकिंग. (लिंकिंगवर कृषी खातं काय करतं ह्यावर एक अग्रलेख येऊ द्या की, तो मी कापून ठेवीन.) ऑगस्टमधे त्यांचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीला येऊन खतं, रेअर अर्थ म्हणजे दुर्मिळ खनिजं, बोगदे खणायची मशिनं देतो म्हणून सांगून गेले तेव्हा कुठं चर्चा झाली. म्हणजे नळ त्यांच्या हातात, आणि तुम्ही आम्हाला म्हणताय मोठी टाकी बांधा.

२०२४-२५ ला आपण त्यांच्याकडनं ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला १४ अब्जाचा. हे करार नसताना. आपल्या औषध कंपन्या, आयटीवाले त्यांच्या बाजारात शिरायला किती वर्षं धडपडतायत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. २०१९ ला बँकॉकमधे आपण चीनसकट आशियातल्या देशांच्या आरसेप ह्या मोठ्या व्यापार कराराच्या बोलणीतनं बाहेर पडलो तेव्हा दुधवाल्यांपासून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता आणि तुमच्याच पेपरनं पहिल्या पानावर शाबासकी दिली होती. मधे काय बदललं ते अग्रलेखात सापडलं नाही. चीनला थेट विमानं परत सुरू झाली म्हणून?

माझा फोन चिनी आहे, सोलर पॅनेल चिनी आहे, हे माहीत आहे, त्यावर कुणी पत्र पाठवू नये. स्वस्त मिळतं ते घेणारच. पण कराराच्या गप्पा मारायच्या आधी बंदरावर आणि सीमेवर येणाऱ्या बेदाण्याचा एक एक बॉक्स उघडून बघा, कुठला आहे ते लिहा आणि मग विका. एवढं जमत नाही तर करारातली कलमं कोण तपासणार आहे?

आणि जाता जाता दुसरी तक्रार. तुमच्या बाजारभावाच्या रकान्यात हल्ली बेदाण्याचा फक्त उच्चांकी दर येतो, किमान आणि सरासरी गायब. तो उच्चांकी दर सौद्यात एखाद्या कलमाला, म्हणजे मालाच्या एका लॉटला, मिळतो, बाकीचे सगळे त्याच्या खाली. मुंबईचे पाहुणे तो वाचून फोन करतात, “काय दाजी, यंदा मजा आहे!” आणि लगेच उसने पैसे मागतात. तरी सरासरी दर छापत जावा, राशिभविष्याला अर्धं पान देताच आहात.

आपला,
एक बेदाणा उत्पादक, ता. तासगाव, जि. सांगली