भाडेकराराची नोंदणी गणपतीत गावातच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाड्याच्या जागांबद्दलचे कायदे आणि करांचे नियम गेल्या चार-पाच वर्षांत बरेच बदलले. बातम्या वाचते तेव्हा वाटतं, हे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याचे फ्लॅट असावेत. मालक एक, भाडेकरू एक, दोघे एकाच शहरात, अंगठा लावला की करार नोंदला. आमच्या कोकणातल्या बाजारपेठांत असं दुकान शोधून सापडणं कठीण. म्हणून हे पत्र.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, दोरे, चेन, हुक, लेस, बटणं. जागा भाड्याची, सासऱ्यांनी १९७८ साली घेतलेली, सगळा व्यवहार तोंडी. तेव्हा मालक एकच होते. आज त्यांचे नऊ वारस आहेत. कोणी डोंबिवलीला, कोणी ठाण्याला, दोघे बडोद्याला. मिळकत पत्रिकेवर अजून मालकांच्या आजोबांचंच नाव आहे, कारण वारस-नोंदीसाठी सगळे एकदम बसू म्हणतात आणि ते जमत नाही. वारसांतले थोरले काका गणपतीला येतात तेव्हा वर्षाचं भाडं एकरकमी घेतात आणि पावती फाडून देतात. पावतीवर नाव सासऱ्यांचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण काका म्हणतात, "वहिनी, नाव बदललं तर भाऊ विचारतील कोणाला विचारून बदललं." त्यांचंही चूक नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या दुकानात ते माळ्याला लागलं. पाणी ओसरल्यावर अस्तराचे तागे बाहेर काढले, तर एकेक तागा दोघांना उचलेना इतका चिखल प्याला होता. चेन सगळ्या गंजल्या. दोऱ्यांचे रंग एकमेकांत उतरले. सरकारने दुकानदारांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजारांपर्यंत मदत जाहीर केली आणि पंचनामे सुरू झाले. शॉप अॅक्टचा कागद माझ्या मिस्टरांच्या नावाचा, भाडेपावती सासऱ्यांच्या नावाची, मिळकत पत्रिका मालकांच्या आजोबांच्या नावाची. तीन कागदांवर तीन नावं. शेवटी मदत मिळाली, पण त्यासाठी प्रतिज्ञापत्रं, शेजाऱ्यांचे जबाब आणि किती हेलपाटे झाले ते आम्हालाच माहीत. आमच्यापुढच्या गाळ्यातल्या चप्पल दुरुस्तीवाल्यांकडे पावतीही नव्हती. त्यांना काही मिळालं नाही. दुकान पुन्हा भरायला कर्ज मागायला गेलो, तर बँकेने पहिला प्रश्न विचारला तो नोंदणीकृत भाडेकराराचा.

कायद्याने आम्ही कच्चे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत धंद्यात असलेल्या घरच्या माणसाकडे भाडेकरूचा हक्क येतो, हे त्यात आहे. भाडं घेतलं की पावती द्यायची, तेही आहे. मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ घेता येते, आणि ती आम्ही न मागता देत आलो. पण ज्याच्या हातात कागद नाही त्याला हा हक्क कोर्टात उपयोगी पडतो. तहसीलच्या टेबलावर आणि बँकेच्या काउंटरवर तो चालत नाही.

मालकांची बाजूही सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आमचं भाडं आज महिना ११५० रुपये आहे. पुरानंतर मागची भिंत फुगली, माळ्याचे वासे कुजले. दुरुस्ती मालकाने करायची, असं कायदा सांगतो. त्याने नाही केली तर नोटीस देऊन भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिस्स्याइतकाच. म्हणजे आमच्या बाबतीत ३४५० रुपये. एवढ्यात चिपळूणला गवंडी दोन-चार दिवसही येत नाही. नऊ जणांत वाटून येणाऱ्या ११५० रुपयांसाठी काका आपल्या पेन्शनीतून वासे बदलतील, अशी अपेक्षा मी करू शकत नाही. वासे आम्ही बदलले. काकांनी तोंडी परवानगी दिली, लेखी द्यायला घाबरले. लेखी दिलं की जागेवर हक्क सांगतील, ही भीती.

ही भीती माझ्या माहेरीही आहे. राजापूरला आमचं जुनं घर आहे, त्यात भावांबरोबर माझाही हिस्सा आहे. मागच्या दोन खोल्या कित्येक वर्षं बंद आहेत. गेल्या वर्षी तालुक्यात बदलून आलेल्या एका शिक्षिकेने त्या मागितल्या. मुलगी चांगली, आई सोबत राहणार, भाडंही वेळेवर देणारी. बोरिवलीच्या माझ्या थोरल्या भावाने एका वाक्यात विषय संपवला, "कूळ लागेल."

कोकणात हा शब्द उच्चारला की पुढे बोलणंच खुंटतं. कुळकायदा १९४८ चा, खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. माझ्या पणजोबांनाही त्यातूनच खोताची जमीन मिळाली. त्या कायद्याने कोकणातल्या किती घरांत स्वतःचा भात आला ते मला ठाऊक आहे आणि मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण तो शेतजमिनीचा कायदा आहे. राहत्या घराच्या दोन खोल्या शिक्षिकेला दिल्या म्हणून कूळ लागत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीच्या वापराच्या परवान्याने, जागा दिली, तर मुदत संपल्यावर ती सोडावीच लागते, आणि सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. भावाला मी हे फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पुस्तकात काहीही असतं." शिक्षिका आता रत्नागिरीहून रोज एसटीने ये-जा करते, आणि आमच्या खोल्यांना वाळवी लागली आहे.

दुसरा गैरसमज अकरा महिन्यांचा. आमच्या बाजारपेठेत अर्ध्याअधिक लोकांना अजून वाटतं, अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी केला की पुरे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, या जुन्या नियमावरून हे चालत आलं आहे. महाराष्ट्रात २००० पासून ते चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, खोटं ठरवणं मालकाच्या माथी. म्हणजे जो मालक "कागद नको" म्हणून स्वतःला वाचवतो आहे, तोच कायद्यापुढे सगळ्यात उघडा पडलेला आहे. खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क पाव टक्का. चार हजारांच्या भाड्यावर अकरा महिन्यांचे दोनशेच्या वर जात नाहीत. नोंदणी फी शहरी भागात हजार, ग्रामीण भागात पाचशे. एजंटचे काय ते वेगळे.

आता जीएसटीचं. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आला की मालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि दुकानदाराची असेल, तर दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के कर दुकानदाराने स्वतः भरायचा. आमची उलाढाल मर्यादेच्या आत असल्याने आम्हाला तो लागत नाही. पण आमच्याच रांगेत पंधरा हजार भाडं देणारं एक खानावळीसारखं हॉटेल आहे. त्यांना दरमहा २७०० रुपये वरचे पडायला लागले. कपड्याच्या दुकानदाराला हा कर आधी रोख भरून पुढे क्रेडिटमध्ये, म्हणजे स्वतःच्या विक्रीवरच्या जीएसटीतून, वळवता येतो. पाच टक्के घेणाऱ्या हॉटेलला क्रेडिटच नाही, त्याच्या खिशातून गेले ते गेले. कॉम्पोझिशनमधल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या, छोट्या व्यापाऱ्यांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून सूट मिळाली, ती योग्यच होती. तीच सूट क्रेडिट न मिळणाऱ्या छोट्या हॉटेलांना, निदान ठरावीक भाड्यापर्यंत, द्यायला हरकत काय होती? पुरानंतर सगळ्यात आधी चुली पेटवून लोकांना जेवायला घालणारी हीच हॉटेलं होती. या नियमाचा आणखी एक परिणाम मी जवळून पाहते. भाड्याचा आकडा कागदावर आला की कर लागतो, या भीतीने दुकानदारही आता लेखी करार टाळायला लागले आहेत. पूर्वी फक्त मालक टाळायचे.

केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा २ जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केला. तो स्वीकारायचा की नाही हे राज्याने ठरवायचं आहे. त्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या आणि दुकानाची सहा महिन्यांच्या भाड्यापुरती, करार लेखीच, आणि दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवायचा, असं आहे. जुन्या भाडेकरारांना तो लागणार नाही, असं केंद्राने सांगितलं आहे. त्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण लेखी करारावर उभा राहणारा कायदा आणायचा तर ज्या प्रदेशात करार लिहिलाच जात नाही तिथे आधी तो लिहिण्याची सोय करायला हवी.

आणि ती सोय अवघड नाही. करार आज घरबसल्या नोंदतात. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन मुंबईच्या चौदाव्या मजल्यावर जातो. तेच यंत्र दुय्यम निबंधक कार्यालयातर्फे कोकणात गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत वाडीवाडीत का जाऊ नये? चाकरमानी तेव्हाच घरी असतात. बहीण-भाऊ, काका-पुतणे एका ओसरीवर बसलेले वर्षातून तेवढेच दोन वेळा सापडतात. आरती झाल्यावर जमीन-घराच्याच गोष्टी निघतात, हे प्रत्येक कोकणी घराला माहीत आहे. त्या वेळी भूमी अभिलेखचा माणूस वारस-नोंदीचे अर्ज घ्यायला आणि निबंधकांचा माणूस करार नोंदायला हजर असेल, तर वर्षानुवर्षं अडलेली कामं तिथेच होतील. भावासारख्यांना "कूळ लागत नाही" हे माझ्या तोंडून पटत नाही, सरकारी माणसाने समोर बसून सांगितलं तर पटेल.

अशा शिबिरात तालुका विधी सेवा समितीचे वकील हवेतच. कारण धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. आमच्यासारख्या जुन्या भाडेकरूला "नुसता कागद करू" म्हणून लिव्ह अँड लायसन्सवर सही करायला लावली, तर चाळीस-पन्नास वर्षांचा हक्क एका सहीत जातो. जुन्या भाड्याला जुनं भाडं म्हणूनच नोंदवायला हवं. बायकांना विधी सेवेचा वकील उत्पन्न न बघता मोफत मिळतो, हेही शिबिरात मोठ्याने सांगावं. आमच्याकडे कितीतरी दुकानं बायका चालवतात आणि पावती नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावाची असते.

वारस एकत्र येईपर्यंतचं काय, तर नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या आकारणीत मालकाखाली भोगवटादाराचं नाव असतं. तो उतारा आणि दुकानाचं वीजबिल, एवढं आपत्तीच्या मदतीसाठी पुरेसं धरावं. तसा शासन निर्णय पाऊस सुरू होण्याआधी निघाला पाहिजे. पुराच्या चिखलात उभं राहून माणूस कागद कुठून आणणार?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, आणि रायगडच्याही, येत्या गणपतीत एकेका तालुक्यात हे करून पाहावं. चिपळूणपासून सुरुवात करायची असेल तर आमच्या मालकांच्या नऊ वारसांपैकी सात जण गौरी-गणपतीला इथे असतात. बडोद्याच्या दोघांचं कुलमुखत्यारपत्र आणायला मी काकांना सांगून ठेवलं आहे आणि ते हो म्हणाले आहेत.

आपली,
बाजारपेठेतील एक दुकानदार वाचक,
चिपळूण, जि. रत्नागिरी