शनिवारच्या प्रयोगाबद्दल सूचना

सभासद मैत्रिणींनो,

येत्या शनिवारी दुपारी ४.३० वाजता नगरपालिकेच्या नाट्यगृहात आपला तिकीट लावून पहिला प्रयोग आहे.

• नेपथ्य आणि प्रकाशयोजना : सकाळी १० ला हजर. फ्लॅट (नेपथ्यातल्या भिंतींच्या चौकटी) उभे राहिल्याशिवाय स्पॉटलाइटची दिशा ठरत नाही. उशिराचा मार दिव्यांवर बसतो आणि दुसऱ्या अंकात चेहरे अंधारात राहतात. दाराच्या फ्लॅटला मागून तिरपा टेकू आणि तळाशी वजन हवंच, नाहीतर दार आपटलं की अख्खी भिंत हलते.

• कलाकार : मेकअपला १.३० ला. तिसऱ्या घंटेनंतर विंगेत गप्पा नकोत.

• फुकट पास कोणालाही नाही. घरच्यांनाही नाही, सासरच्यांनाही नाही!

• नाईट (प्रयोगाचं मानधन) : रंगमंचावरच्या आणि पडद्यामागच्या प्रत्येकीला प्रयोग संपताच पाकीट मिळेल. सही करून घ्या. ‘राहू दे, हौस म्हणून केलं’ म्हणत परत करू नका. मग पुढच्या प्रयोगाच्या हिशेबात बायकांचं काम फुकटच धरलं जातं.

• फॉयरमधल्या फलकासाठी मजकूर : ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३), भूमिका ज्योत्स्ना भोळे, ‘बॅरिस्टर’ (१९७७), दिग्दर्शन विजया मेहता, ‘व्हय मी सावित्रीबाई’ (१९८९), लेखन आणि सादरीकरण सुषमा देशपांडे. अक्षरं मोठी काढा, लांबून वाचता आली पाहिजेत.

ज्यांना जमणार नाही त्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत कळवावं. बदली कलाकाराला निदान एक तालीम तरी मिळायला हवी.

– व्यवस्थापन समिती