दगडावर नसलेली लेक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या शेतकरी पूर्वजांवरील आपल्या पुरवणीतील लेखात घराण्याचे मूळ इंग्लंडमधील डेव्हनशायर परगण्यात असल्याचे म्हटले आहे. मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथील हॅनकॉक दफनभूमीत मूळपुरुष हेन्री ॲडम्स यांच्या स्मृतिशिळेवर तसेच कोरलेले आहे. मात्र हेन्री वारले १६४६ मध्ये, आणि ही शिळा त्यांचे खापरपणतू जॉन ॲडम्स यांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतर, स्वतःच्या उतारवयात बसवली. पुढे संशोधकांनी इंग्लंडमधील चर्चची दप्तरे तपासली, तेव्हा हेन्री आणि ईडिथ स्क्वायर यांच्या १६०९ मधील विवाहाची नोंद डेव्हनशायरमध्ये नव्हे, तर सॉमरसेट परगण्यातील चार्लटन मॅकरेल येथे सापडली; हेन्री त्याच परिसरातील बार्टन सेंट डेव्हिड या गावचे.

याहून मला खटकते ती दुसरी उणीव. शिळेवर हेन्रींचे आठ मुलगे आहेत, त्यांपैकी कोण कुठे जाऊन वसला हेही आहे. मुलीचा मात्र उल्लेखच नाही. ती भेटते वडिलांच्या मृत्युपत्रात. आपली पुस्तके सर्व अपत्यांत वाटली जावीत, ही त्यातील पहिली इच्छा. लगेच पुढे काही जमीन पीटर व जॉन हे मुलगे आणि मुलगी उर्सुला यांच्या नावे केलेली आहे. नव्या मुलुखात जेमतेम स्थिरावलेल्या, माणशी चार एकरांप्रमाणे चाळीस एकर जमीन मिळालेल्या या शेतकऱ्याने आपली पुस्तके आणि आपली मुलगी या दोहोंची आठवण ठेवली, हे केवळ शिळा वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

आपल्या वाचकांपैकी कोणी अशा घराण्यांचा माग काढत असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्विन्सी आज नॉरफोक परगण्यात असले, तरी तो परगणा १७९३ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीची मृत्युपत्रे व मालमत्तेच्या याद्या सफोक परगण्याच्या, म्हणजे बोस्टनच्या, दप्तरात शोधाव्या लागतात. राष्ट्राध्यक्ष जॉन यांचे वडील, ‘डीकन’ (चर्चचे सेवक-पदाधिकारी) जॉन, १७६१ मध्ये वारले, त्यांची कागदपत्रेही तिथलीच.

आपण डेव्हनशायरऐवजी सॉमरसेट अशी परगण्याच्या नावाची दुरुस्ती छापावी आणि त्यासोबत उर्सुलाचेही नाव द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, बोस्टन