विषय: डिस्कवर छापणारा प्रिंटर म्हणून विकलेल्या यंत्रासोबत ट्रे न देणे आणि नंतर वॉरंटी नाकारणे

कराड, जि. सातारा
दि. ९ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

११ एप्रिल २०२५ रोजी तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मी सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर २२,४०० रुपयांना घेतला. तो मी एकाच कामासाठी घेतला : सीडी आणि डीव्हीडीवर थेट छपाई. तुमच्या पानावर तसं लिहिलं होतं आणि खोक्यावर डिस्कचं चित्रही होतं. घेण्याआधी मी कस्टमर केअरला फोन करून विचारलं, तेव्हाही 'हो मॅडम, डिस्कवर प्रिंट होतं' असंच उत्तर मिळालं. खोकं उघडलं तर प्रिंटर, वायर, शाईच्या सहा बाटल्या आणि माहितीपुस्तिका एवढंच निघालं. डिस्क ज्यात ठेवायची तो ट्रे नव्हता. आज दोन महिने होत आले, ट्रे मिळालेला नाही आणि आता प्रिंटरही धड चालत नाही.

आमचा फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ आहे. बाबांनी १९८८ साली सुरू केला, गेली अकरा वर्षं मी बघते. 'आता डिस्क कोण वापरतं?' असं तुमच्याकडच्या दोघांनी मला फोनवर विचारलं, म्हणून आधी ते सांगते. आमच्या भागात घराघरांत जुन्या व्हीएचएस कॅसेट पडून आहेत. लग्नाच्या, बारशाच्या, मुंजीच्या. पावसाळी हवेत टेपवर बुरशी धरते, पांढरी पावडर दिसायला लागते आणि मग लोक घाबरून कॅसेट घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही ती साफ करतो, प्लेयरवर चालवून संगणकात घेतो. पेनड्राइव्हवर तर देतोच. पण महिन्याभरात घरातलं कुणीतरी सिनेमे भरायला तो पेनड्राइव्ह रिकामा करतं, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलं आहे की आता सोबत डिस्क घ्याच असं आम्हीच सांगतो. एकदाच राइट होणाऱ्या डिस्कवरचं कुणाला पुसता येत नाही. शिवाय आजी-आजोबांना टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये डिस्क घालायची सवय असते. ४.७ जीबीच्या डीव्हीडीत दोन तासांचं शूटिंग चांगल्या दर्जात बसतं, म्हणजे एक लग्न एका डिस्कमध्ये.

अशा डिस्कवर नाव आणि फोटो छापलेला हवा असतो. आम्ही आधी गोल कागदी स्टिकर लावायचो. ते मी बंद केलं. स्टिकर जरासा जरी बाजूला लागला तरी डिस्कचा तोल जातो, आणि वेगाने फिरणाऱ्या डिस्कला तेवढं पुरतं. प्लेयर थरथरतो, चित्र अडकतं. दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात डिंक सुटून स्टिकरची कड वर येते. एका ग्राहकाच्या गाडीतल्या प्लेयरमध्ये अशी डिस्क अडकून बसली होती, तो खर्च मी भरून दिला. बॉलपेनने तर सीडीवर कधीच लिहू नये. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो आणि पेनाचं टोक थेट त्याच्यावर दाबलं जातं. बाहेरून स्क्रीन प्रिंटिंग करून घ्यायचं तर ते लोक शेकड्याखाली काम घेत नाहीत. आमच्या ऑर्डरी पाच, दहा, फार तर पन्नास-साठ डिस्कच्या. उष्णतेने छापणाऱ्या थर्मल डिस्क प्रिंटरच्या किमती आमच्या धंद्याला झेपणाऱ्या नाहीत.

राहिला इंकजेट. चार रंगांचे साधे इंक टँक प्रिंटर तेव्हा मला ११-१२ हजारांत मिळत होते आणि कागदावरच्या कामाला मला तेवढे पुरले असते. पण ते डिस्क घेत नाहीत. कागद ओढून, वळवून पुढे काढायची त्यांची रचना, डिस्क १.२ मिलिमीटर जाड आणि कडक, ती वळणार कशी? तिला प्रिंटरमधून सरळ रेषेत जावं लागतं, आणि त्यासाठीच ट्रे असतो. ट्रेवरच्या खुणा वाचून प्रिंटरला कळतं की डिस्क नेमकी कुठे आहे. स्वस्त कार्ट्रिजवाले जुने प्रिंटर मी पाहिले, पण अख्खी डिस्क फोटोने भरायची म्हटलं की शाई धडाधड संपते आणि कार्ट्रिज परवडत नाही. तुमच्या प्रिंटरमध्ये बाटलीतली शाई होती, आणि फिकट निळा व फिकट गुलाबी असे दोन जास्तीचे रंग होते, त्यामुळे चेहऱ्यावर ठिपके उमटत नाहीत. म्हणून मी दहा हजार रुपये जास्त मोजले. हे पैसे डिस्कच्या छपाईसाठी होते, दुसऱ्या कशासाठी नव्हते. ट्रेशिवाय हा प्रिंटर माझ्यासाठी महागडा कागदी प्रिंटर आहे.

१२ एप्रिलला मी तक्रार नोंदवली. उत्तर आलं की ट्रे 'वेगळा मागवावा लागतो', किंमत १,८५०. हे पानावर कुठे लिहिलं आहे असं विचारलं, तर ते सांगता आलं नाही. माहितीपुस्तिकेत मात्र डिस्क छापायच्या प्रकरणात पहिलंच वाक्य 'सोबत दिलेला ट्रे घ्या' असं आहे. त्या पानाचा फोटो मी तेव्हाच पाठवला होता. लग्नसराई तोंडावर होती, वाद घालत बसण्यापेक्षा काम महत्त्वाचं म्हणून मी १,८५० भरले. आठ दिवस सांगितले, मग आणखी आठ दिवस. त्यानंतर माल शिल्लक नाही असा मेसेज आला. ते पैसेही अजून परत आलेले नाहीत.

२९ एप्रिलला तुमचा सर्व्हिस इंजिनियर आला. त्याने सोबत एक ट्रे आणला होता, तुमच्याच कंपनीच्या आधीच्या मॉडेलचा. 'हा चालतो, आम्ही बऱ्याच ठिकाणी लावलाय,' असं तो म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने तो बसवून दाखवला. जॉब शीटवर त्याने तसं लिहिलं आहे आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. त्या मुलाचा मला राग नाही. त्याला वरून जे सांगितलं ते त्याने केलं.

त्याच्यासमोरच मी एक रद्द डिस्क छापली. आमच्याकडे ही पद्धत आहे, आधी वाया गेलेल्या डिस्कवर बघायचं आणि मग चांगली घ्यायची. छपाई जवळजवळ ३ मिलिमीटर डावीकडे सरकली. १२ सेंटीमीटरच्या डिस्कवर ३ मिलिमीटर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. काठावर वळणदार अक्षरांत लिहिलेल्या 'सहस्रचंद्रदर्शन' मधला 'स' अर्धा कापला गेला, आणि उजवीकडे पांढरी चंद्रकोर राहिली. सरकलेली शाई मधल्या भोकाच्या कडेला पारदर्शक प्लास्टिकवर गेली, तिथे शाई धरणारा पांढरा थर नसतोच, त्यामुळे ती तशीच ओली राहिली आणि बोटाला लागली. सॉफ्टवेअरमध्ये जागा डावी-उजवीकडे हलवायची सोय आहे, ती शेवटपर्यंत ओढली तरी भरून निघालं नाही. जुन्या ट्रेच्या खुणाच वेगळ्या जागी आहेत, तर प्रिंटर डिस्क चुकीच्या जागी समजणारच.

इंजिनियर गेल्यावर चौथ्या डिस्कला ट्रे आत अडकला. घासल्याचा आवाज आला, मी लगेच बटण बंद केलं. ट्रे काढल्यावर डिस्कवर काळा ओरखडा होता. तेव्हापासून गुलाबी रंगाच्या रेघा तुटक येतात. नोझलची, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांची चाचणी काढली तर दोन रंगांत फटी दिसतात. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तीन वेळा हेड क्लीनिंग, म्हणजे ही छिद्रं असलेल्या भागाची सफाई केली, रात्रभर थांबले, पुन्हा केलं. टाकीतल्या शाईची पातळी बोटभर खाली गेली, फटी तशाच राहिल्या.

६ मे रोजी तुमच्याकडून ईमेल आलं : 'मान्यताप्राप्त नसलेला सुटा भाग वापरल्यामुळे हेडचे नुकसान वॉरंटीत बसत नाही.' नवीन हेडसाठी ९,८०० रुपये सांगितले. हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तो भाग तुमच्या कंपनीचा होता, तुमच्या माणसाने आणला आणि त्यानेच बसवला. मी बाजारातून काही आणून लावलं असतं तर मी गप्प बसले असते. तुमच्याच चुकीचं बिल तुम्ही मला लावत आहात, आणि ते मी भरणार नाही.

ज्या ऑर्डरसाठी हे सगळं चाललं होतं ती ६० डिस्कची होती. १८ मेला कराडजवळच्या एका गावात एका आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांच्या मुलांनी घरातल्या सगळ्या जुन्या कॅसेट आम्हाला दिल्या होत्या. त्यातलं एक लग्न बाबांनीच शूट केलेलं निघालं. त्या कॅसेटमधून आजींचा तुळशीपाशी उभा असलेला फोटो मी काढला होता, मधल्या भोकात चेहरा येऊ नये म्हणून तो उजव्या बाजूला बसवला होता, आणि घरच्यांना नमुना दाखवून पसंतही करून घेतला होता. तो फोटो डिस्कवर छापता आला नाही. साताऱ्यात ज्यांच्याकडे छापून मिळतं त्यांच्याकडेही लग्नसराईमुळे वेळ नव्हता. शेवटी बाबांनी दोन रात्री बसून ६० डिस्कवर मऊ टोकाच्या मार्करने हाताने नाव आणि तारीख लिहिली. पूर्वी कॅसेटच्या कडेला ते असंच लिहायचे. आता त्यांचं वय ७१ आहे, हात थोडा थरथरतो, म्हणून ते डिस्कखाली रुमाल घेऊन, काठाला धरून एकेक अक्षर काढत होते. कार्यक्रमात आजींनी डिस्क हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि 'फोटो कुठाय?' असं विचारलं. घरचे लोक समजूतदार होते, काही बोलले नाहीत. ठरलेल्या पैशांतून मी छपाईचे पैसे कमी केले.

माझी मागणी साधी आहे. या मॉडेलचा योग्य ट्रे विनामूल्य द्यावा, हेड तुमच्या खर्चाने बदलून द्यावं, आणि छपाई डिस्कच्या मधोमध येते हे इंजिनियरने माझ्यासमोर दाखवून द्यावं. हे १५ दिवसांत जमणार नसेल तर प्रिंटर परत न्यावा आणि २२,४०० रुपये पूर्ण परत करावेत. ट्रेसाठी घेतलेले १,८५० दोन्ही परिस्थितींत परत हवेत. आणि तुमच्या पानावर ट्रे सोबत मिळत नसेल तर ते किमतीच्या शेजारी ठळक लिहावं. माझ्यासारखे लहान स्टुडिओवाले दहा ठिकाणी चौकशी करून, हिशेब करून यंत्र घेतात. त्यांना हे आधी कळलं तर ते दुसरा काही विचार करतील, तो त्यांचा हक्क आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं बंधनकारक आहे. माझी पहिली तक्रार १२ एप्रिलची आहे. या पत्रालाही उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि पुढे सातारा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही, माझा दिवस दुकानात जायला हवा. पण गेले तर सगळे कागद घेऊन जाईन.

बिल, जॉब शीट, तुमचं ६ मेचं ईमेल, पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो आणि सरकलेल्या छपाईच्या चार डिस्कचे फोटो सोबत जोडले आहेत. मूळ डिस्क मी जपून ठेवल्या आहेत, त्या इंजिनियरला दाखवता येतील, पण माझ्याकडून नेता येणार नाहीत.

प्रिंटर मूळ खोक्यात भरून ठेवला आहे, शाईच्या टाक्यांची झाकणं घट्ट लावली आहेत. नेताना खोकं आडवं करू नये. माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा. सोमवारी दुकान बंद असतं.

आपली,
स्टुडिओ मालक, कराड