दिवसाला किती पॅड?

कोलंबस, ओहायो

प्रिय सुभेदार,

"तुमच्याकडे तरी सैनिकाला सरळ हातानं मिळतं का रे?" असं तू विचारलंस. तुझ्या अपंगत्व-पेन्शनच्या कागदांवर 'आजार सेवेमुळे नाही, सेवेत बळावलाही नाही' असा शेरा पडला आणि तुला मुंबईच्या सैनिकी ट्रायब्यूनलपर्यंत जावं लागलं, ते मी विसरलेलो नाही. म्हणून सविस्तर लिहितो. आमचे शेजारी व्हिएतनाम युद्धात नौदलात होते. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचे उपचार त्यांनी नुकतेच पुरे केले, आणि सरकारकडून मिळणाऱ्या अपंगत्व-भरपाईच्या त्यांच्या दाव्याची फाइल सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर असते.

कॅन्सर कशामुळे झाला, हे त्यांना सिद्ध करावं लागलं नाही. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामची जंगलं आणि पिकं मारायला तणनाशकं फवारली. त्यात सगळ्यात जास्त वापरलं ते एजंट ऑरेंज. पिंपांवर नारिंगी पट्टा असे म्हणून हे नाव. त्यात डायॉक्सिन हे विष उतरलेलं होतं. विशीत अंगावर आलेल्या विषानं सत्तरीत कॅन्सर झाला, हे एकट्या माणसानं कुठल्या पुराव्यानं दाखवायचं? १९९१ च्या कायद्यानं ते ओझं उतरवलं. त्या काळात तिथं सेवा झालेली असली आणि यादीतला आजार झाला, की सरकार संबंध गृहीत धरतं. १९९६ मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर त्या यादीत आला. धरमवीर सिंग या सैनिकाच्या पेन्शनच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली जे सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेल्या आजाराचा संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा, त्याच वाटेचा हा विचार आहे. मला तो मनापासून पटतो.

पण मग 'तिथं' म्हणजे कुठं, यावरून वाद झाला. कित्येक वर्षं सरकारचं म्हणणं होतं, की पाय जमिनीला लागले असतील तरच. किनाऱ्याजवळच्या जहाजांवर महिनोन्महिने राहिलेले खलाशी त्यामुळे बाहेर राहिले. आल्फ्रेड प्रोकोपिओ हे इंट्रेपिड या विमानवाहू जहाजावर होते. त्यांनी २००६ साली मधुमेहासाठी आणि २००७ साली प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दावा केला. २००९ मध्ये नकार आला. अपील मंडळानं नाही म्हटलं, माजी सैनिकांच्या न्यायालयानंही नाही म्हटलं. अखेर २९ जानेवारी २०१९ ला फेडरल सर्किट या वरच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठानं ९ विरुद्ध २ मतांनी ठरवलं, की व्हिएतनाम म्हणजे त्याचा बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रही. त्याच वर्षी संसदेनं तसा कायदा केला आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. बारा-तेरा वर्षं, सुभेदार! दरम्यान कितीजण गेले असतील, हे मनात आलं की मला झोप लागत नाही. आमचे शेजारी त्याच समुद्रावर होते. "आम्हाला देत नाहीत" हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की निकालानंतरही ते अर्ज करायला तयार नव्हते.

शेवटी अर्ज केला, मंजूर झाला. कॅन्सर अंगात असेपर्यंत आणि उपचार चालू असेपर्यंत १०० टक्के अपंगत्व धरून भरपाई मिळते. उपचार संपून सहा महिने झाले की पुन्हा तपासणी होते, आणि कॅन्सर परतलेला नसेल तर पुढची टक्केवारी मागं काय त्रास उरला त्यावर ठरते. बहुतेकांना उरतो तो लघवी गळण्याचा. दिवसाला दोनपेक्षा कमी पॅड बदलावे लागले तर २० टक्के, दोन ते चार लागले तर ४०, चारपेक्षा जास्त लागले तर ६०. पैशात सांगतो: २०२५ च्या दरानं एकट्या माणसाला १०० टक्क्यांचे महिना सुमारे ३,८३१ डॉलर, ६० टक्क्यांचे १,३९६ आणि २० टक्क्यांचे ३४७. सगळं येऊन थांबतं ते "पॅड किती लागतात?" या एका प्रश्नावर.

आणि तपासणीत आमचे शेजारी म्हणाले, "फार काही नाही, चालतंय." रक्कम २० टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव आला. तेव्हा त्यांची बायको आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोला म्हणाली, रात्री दोनदा चादर बदलते, पॅड पाच-सहा लागतात. नवऱ्यानं हे डॉक्टरला सांगितलं नव्हतं, मुलाला सांगितलं नव्हतं. पुरुषत्व गेल्याबद्दल दरमहा वेगळी रक्कम मिळते. त्याबद्दल तर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. ज्या कायद्यानं कारणाच्या बाबतीत सैनिकावर एवढा विश्वास टाकला, त्यानं एका लाजऱ्या माणसाच्या एका वाक्यावर घराचं उत्पन्न टांगावं, हे मला अजिबात पटत नाही. बायकोची साक्ष सुरुवातीलाच मागायला काय हरकत आहे?

प्रस्तावानंतर पुरावा द्यायला ६० दिवस असतात. तीस दिवसांत सुनावणी मागितली तर निर्णय होईपर्यंत रक्कम कापत नाहीत, म्हणून ती आधी मागितली. मग पॅडची रोजची नोंदवही, बायकोचं लेखी निवेदन आणि युरॉलॉजिस्टचं (मूत्रविकारांच्या डॉक्टरांचं) पत्र जोडलं. हे सगळं काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) माजी सैनिक कार्यालयातल्या बाईंनी करून घेतलं, एक पैसा न घेता. ओहायोच्या ८८ च्या ८८ काउंट्यांत असं कार्यालय आहे. निकाल विरुद्ध गेला तरी वर्षभरात तीन वाटा उघड्या आहेत: नवा पुरावा देऊन पूरक दावा, त्याच कागदांवर वरिष्ठांकडून फेरतपासणी, किंवा थेट अपील मंडळ. बाईंचं मत पहिल्या वाटेचं आहे, कारण आमची उणीव पुराव्याचीच होती.

उत्तर अजून यायचंय. आलं की कळवतो.

आता तुझ्याकडे वळतो. मागच्या वर्षी गाडीतून पुण्याला जाताना तू तीनदा उतरलास आणि "थंडीमुळे" म्हणालास. मे महिना होता. साताऱ्याच्या ईसीएचएसला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात, जाऊन डॉक्टरांना लघवीचं नीट सांग, पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची का ते विचार, आणि वहिनींना बरोबर ने. त्या जे सांगतील ते मधे न बोलता ऐकून घे. रिपोर्टचा फोटो मला पाठव.

तुझा,
बंडू