आईच्या थायरॉइडच्या गोळीबद्दल

प्रिय आई-बाबा,

आई, तू फोनवर म्हणालीस ना की ही गोळी सोडून ती नॅचरलवाली घेऊन बघते, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. बाबा, तुम्हीपण वाचा.

तू घेतेस ती लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी४ हे थायरॉइडचं हार्मोन. आपली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः हेच बनवते आणि शरीर त्यातून लागेल तसं टी३, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन, करून घेतं. टी४ रक्तात निम्मं व्हायला आठवडाभर लागतो त्यामुळे लेव्हल एकसारखी राहते. टी३ची वेगळी गोळी असते, लिओथायरोनिन, पण ती पटकन चढते, लवकर उतरते, आणि मग धडधड. मला तीच भीती वाटते गं, कारण या वयात हे हार्मोन जास्त झालं की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडंपण झिजतात.

आणि ती नॅचरल गोळी म्हणजे बहुतेक वेळा डुकराची वाळवलेली थायरॉइड ग्रंथी. त्यात टी४ आणि टी३ साधारण ४ ला १ असतं, माणसाची ग्रंथी देते साधारण १४ ला १. म्हणजे टी३ गरजेपेक्षा कितीतरी जास्त, तुला तर ते नकोच.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, नॉर्मल येऊनही काहींचा थकवा जात नाही हे खरंय, तुझा थकवा मी खोटा मानत नाही. अशांना काही डॉक्टर टी४सोबत थोडं टी३ देऊन बघतात, पण अभ्यासांमध्ये सरसकट फायदा दिसलेला नाही आणि तुझ्या बीपीसकट ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

त्याआधी एक बघा. बाबा, तुम्ही डबीत सकाळच्या एकाच खणात थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी भरता, मी बघितलंय. कॅल्शियम किंवा लोह सोबत गेलं की थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. ती गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, नाश्ता अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियम किमान ४ तासांनी, जेवणानंतरच्या खणात टाका ना प्लीज. हे डॉक्टरांनाही सांगा, कारण गोळी नीट शोषली जायला लागली की डोस कमी करावा लागू शकतो.

मग ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा, आणि आई, केसांसाठीच्या गोळीत बायोटिन असेल तर टेस्टच्या आधी २ दिवस ती बंद ठेव, त्याने रिपोर्ट चुकतो. हिमोग्लोबिन आणि बी१२ पण सोबतच करून घ्या, थकवा तिथूनही येत असेल. रिपोर्टचा फोटो लगेच पाठवा, आणि तोवर गोळी बंद करू नकोस.

तुमची,
मनू