गडावर कचरापेटी मागू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पवना धरणाच्या काठावर तंबू ठोकून राहणाऱ्यांच्या कचऱ्याबद्दल आपल्या अंकात आलेलं एका वाचकाचं पत्र वाचलं. तळमळ खरी आहे, वर्णनही खरं आहे. पण शेवटची मागणी, की तळ्याकाठी आणि गडांवर जागोजागी कचरापेट्या बसवाव्यात, ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. गेली ३५ वर्षं मी पाठीवर सॅक टाकून सह्याद्रीत हिंडते. हल्ली गुडघे कुरकुरतात, त्यामुळे वर्षातून दोन-तीनदाच. माझं मत नेमकं उलट आहे. वर आहे ती पेटीसुद्धा काढून टाका.

कोथरूडला आमच्या दारात रोज सकाळी कचरा घ्यायला ताई येतात. ओला वेगळा, सुका वेगळा. एखाद्या दिवशी मी झोपेत दोन्ही एकत्र केलं तर दारातच ऐकवतात. पेटी चालते ती अशी, रोज कोणीतरी ती रिकामी करतं म्हणून. राजगडाच्या पद्मावती माचीवर घंटागाडी कुठून येणार? भरलेली पेटी माकडं उलथी करतात, वारा सुटला की पाकिटं संजीवनी माचीकडे नाहीतर सुवेळा माचीकडे, जिकडे वारा तिकडे. उरलेलं खाली आणायचं कोणी? पायथ्याच्या गावातला ताक विकणारा, नाहीतर रविवारी पोती घेऊन येणारी दुर्गसंवर्धनाची पोरं. म्हणजे आपण टाकलेलं दुसऱ्याने डोक्यावर घेऊन पायथ्याच्या गुंजवण्यापर्यंत उतरवायचं आणि आपण ‘पेटीतच टाकलं हो’ म्हणून मोकळे. वेफर्सचं भरलेलं पाकीट वर नेताना जड होत नाही, रिकामं खाली आणताना मात्र होतं!

मागच्या मार्चमध्ये भाच्याच्या ऑफिसची मंडळी पवनेला निघाली, मलाही बरोबर घेतलं. तंबू, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, सगळं एका रकमेत. जागा कोणाची, चालवतं कोण, ते इथे लिहीत नाही, कारण असले तळ तिथे रांगेने आहेत आणि एकाला बोल लावून उपयोग नाही. रात्री साडेबाराला स्पीकर बंद झाला, तोही बहुतेक चार्जिंग संपलं म्हणून. सकाळी मी आमच्या तंबूभोवतीचे कागदी पेले गोळा करायला लागले तर तिथला मॅनेजर धावत आला. “काकू, राहू द्या हो, आमची पोरं करतात सगळं साफ.”

पोरं करतात ते कसं, ते बघायला मी मुद्दाम मागे मागे गेले. करवंदीच्या जाळीआड एक खड्डा होता, पाण्यापासून फार तर ३० पावलांवर. दोन पोत्यांतलं सगळं त्यात ओतलं, वर थोडं रॉकेल, काडी. उष्ट्या भाताचा जळका वास, मग प्लास्टिकचा काळा धूर. थोड्या वेळाने खड्ड्यात काठी घालून मी ढवळलं. बाटल्यांचे वितळून कडक झालेले गोळे होते आणि राखेत चांदीसारखे चमकणारे तुकडे. चिप्सच्या पाकिटाला आतून ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. प्लास्टिक जळतं, तो थर जळत नाही. त्याचे पापुद्रे होतात आणि हाताला चिकटतात. माझ्या बोटांना दुपारपर्यंत होते.

आता ती जागा कुठली, तेही बघा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जातं आणि काठाची जमीन उघडी पडते. तंबू बरेचदा त्या उघड्या पट्ट्यात लागतात, कारण पाणी अगदी पायाशी दिसतं, फोटो छान येतात. जुलैच्या पावसात तेच पाणी चढतं. खड्डा, राख, चमचे, बाटल्यांची बुचं, सगळं त्याच्या पोटात. आणि हे पाणी पवना नदीतून उघड्यावर वाहत येऊन रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचललं जातं, पिंपरी-चिंचवडच्या नळांसाठी. आमच्या तंबूतले निम्मे जण वाकड आणि पिंपळे सौदागरला, म्हणजे पिंपरी-चिंचवडातच राहणारे होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “पण फिल्टर होतं ना काकू.” होतं. तरीही.

दुसऱ्याला नावं ठेवते आहे तर स्वतःचंही सांगते. १९९१ च्या डिसेंबरात आम्ही सहा जण तोरणा गडावर मेंगाईच्या देवळात मुक्कामाला होतो. निघताना सगळा कचरा गोळा केला आणि देवळामागे थोडं उकरून पुरला, वर दगड रचले. फार शहाणपणा केला असं वाटलं होतं. त्यात दुधाच्या पिशव्या होत्या, मेणबत्त्यांचं खोकं होतं आणि आमच्यातल्या एकाचा तळवा सुटलेला कॅनव्हासचा बूट. पुढच्या हिवाळ्यात परत गेलो, तर तो बूट झुंजार माचीच्या वाटेवर आडवा पडलेला! दुधाच्या वासाने कुत्र्यांनी की कोल्ह्यांनी उकरलं असणार, उरलंसुरलं पावसाने उघडं केलं. बूट ज्याचा होता त्याने तो मुकाट उचलला आणि वेल्ह्याच्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसला. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपमध्ये पुरणं बंद.

नंतर कळलं की सरकारी नियमही तेच सांगतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा उघड्यावर टाकू नये, जाळू नये आणि पुरू नये, असं तिन्ही म्हटलं होतं. शंभरावर माणसं विनापरवाना जागी जमवायची तर स्थानिक संस्थेला कामाचे किमान ३ दिवस आधी कळवायचं, हेही त्यातच होतं. शनिवारी रात्री पवनेच्या काठावर किती शंभर माणसं असतात ते कोणीही जाऊन मोजावं.

मग करायचं काय? आमचं उत्तर साधं आहे. कचरा घरातून निघतानाच कमी करायचा. बिस्किटं डब्यात, सुकामेवा कापडी पिशवीत, खोकी आणि वेष्टनं घरच्या सुक्या कचऱ्यात. प्रत्येकाकडे तांदळाची एक रिकामी पिशवी, आपलं आपण आणायचं. एकदा गंमत म्हणून उतरल्यावर भाजीवाल्याच्या काट्यावर वजन केलं. सात जणांचा एका रात्रीचा कचरा ६०० ग्रॅम भरला. इतक्या वजनाची दोन कणसं कोणी वर नेली तर तक्रारही करणार नाही.

आणि पुडीचा कोपरा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, लोक हसले तरी. सॉसची, शाम्पूची, मसाल्याची पुडी आपण दातांनी फाडतो, तो नखाएवढा तिकोनी तुकडा थुंकल्यासारखा खाली पडतो. पुडी उचलणारा कोपरा उचलत नाही, कारण तो दिसतच नाही. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही तळावर पाच मिनिटं उकिडवं बसा, मूठभर कोपरे मिळतील. पुडी पूर्ण न तोडता अर्धीच चिरायची, कोपरा तिलाच लटकत ठेवायचा. बास.

गडावरच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यात भांडी बुडवून घासणारे भेटले की माझा अजून तोल जातो. ज्या टाक्यातून पुढचा ग्रुप पिण्याचं पाणी भरणार, त्यात मॅगीचा तवंग. साबण ‘नैसर्गिक’ असला तरी तो टाक्यात नकोच. पातेलं आधी मातीने नाहीतर राखेने कोरडं घासा, आपल्या आज्या घासत होत्या तसं, आणि मग बाटलीभर पाण्याने लांब जाऊन विसळा.

आता जरा न बोलण्याच्या विषयाबद्दल. पहाटे टमरेल घेऊन, म्हणजे हल्ली बाटली घेऊन, लोक जातात ते पाण्याच्या वाटेवरच. पाणी, वाट आणि तळ यांच्यापासून ८० पावलं तरी लांब जावं आणि बरोबर खुरपं न्यावं. वीतभर खड्डा, नंतर माती. गडमाथ्यावर पुष्कळ ठिकाणी मातीच नसते, चार बोटांवर कातळ लागतो. तिथे रात्री चढण्याआधी पायथ्याच्या गावातल्या शौचालयात दहा रुपये देऊन जाऊन यावं हे उत्तम. ओले टिश्यू पुरू नयेत, त्यात बहुतेकदा प्लास्टिकचे धागे असतात. सॅनिटरी पॅडचंही तेच. मुलींना सांगते, जुना पेपर आणि घट्ट झाकणाचा एक डबा बरोबर ठेवा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. गडावर झुडपाखाली लोंबणारं पॅड बघून मात्र लाज वाटते.

शेकोटीबद्दल थोडक्यात. राखीव वनात परवानगीवाचून विस्तव करणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पुरते. जिथे मुभा आहे तिथेही वर माती लोटून निघू नका. मातीखाली निखारा रात्रभर जगतो. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हाताचा मागचा भाग जवळ नेऊन बघा. ओढ्यातले ओले गोटे चुलीला लावू नका, आतलं पाणी तापून ते फुटतात. आणि कड्यावर आग्या मोहोळं असतील तर खाली धूर अजिबात नको. हे जिवावरचं आहे.

पावसाच्या तोंडावर राजमाचीला काजवे बघायला जाणाऱ्यांना एकच विनंती, मोबाइलचा टॉर्च विझवा. काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला खूण द्यायला. त्यात शंभर टॉर्च पेटले तर त्यांना एकमेकांचं दिसत नाही, आपल्यालाही ते दिसत नाहीत. चालायलाच हवा असेल तर टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळा.

शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे आपल्या जिल्ह्यातले तीन किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंद झालाच, पण गर्दीही वाढणार. त्याबद्दल आपल्याकडे एक मागणं आहे. पावसाळा आला की आपल्या पुरवणीत ‘वीकेंडला कुठे जाल’ची चौकट येते. त्यात अंतर, एस.टी.ची वेळ, भजी कुठली चांगली, सगळं असतं. त्यातच प्रत्येक ठिकाणापुढे आणखी तीन ओळी छापाव्यात: पिण्याचं टाकं कुठलं, पायथ्याला शौचालय कुठे, आणि परतताना कचऱ्याची पिशवी खाली कुठे घेतात. जिथे घेत नाहीत तिथे ‘घरी न्या’ असं छापा. तोरण्याची माहिती मी आनंदाने लिहून देईन.

आपली,
एक जुनी ट्रेकर,
कोथरूड, पुणे ३८